टाळूवरचा हात

पनवेल तालुक्यांतील तळोजा हें नांव मुंबईकरांच्या कानीं पडतें तें बहुधा तेथील कारखान्यांमुळें. दिवा-पनवेल लोहमार्गावरील तळोजा पांचनंद स्टेशन, औद्योगिक वसाहतीचीं धुराडीं आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या उंच इमारती, एवढ्यांत त्याचें वर्णन आटोपतें. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी मेट्रो धांवूं लागली आणि या इमारतींतील माणसें मुंबईच्या थोडीं जवळ आलीं. तरीही परळच्या रुग्णालयांपासून हें ठिकाण सुमारें ४० किलोमीटर दूर आहे, आणि खांद्यावर आजारी मूल असतां हें अंतर दुप्पट वाटतें. अंतराचा हा उल्लेख आरंभींच करण्याचें कारण असें कीं, आज ज्या शस्त्रक्रियेविषयीं बोलावयाचें आहे ती परळसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयांत होते, परंतु तिच्यामागून येणारीं संकटें पुष्कळदां प्रथम दिसतात तीं मूल घरीं आल्यावर.

समजा, तळोज्याच्या अशाच एका इमारतींत पांच महिन्यांचें एक मूल रुग्णालयांतून घरीं आलें आहे. डोक्याच्या मागें, केंसांच्या खालच्या कडेपासून मानेपर्यंत, टांक्यांची उभी रेघ आहे. कागदावर 'कियारी' असा एक परका शब्द लिहिला आहे. शस्त्रक्रिया उत्तम झाली असें सर्वांनीं सांगितलें आहे, आणि तें खरेंही आहे. शेजारचीं माणसें भेटावयास येतात, पेढे वांटले जातात. अशा वेळीं घरांतील वडीलधाऱ्या बाईनें काय पाहावें, कशास भ्यावें आणि कशास भिऊं नये, हें तिला नीट सांगितलेलें असतेंच असें नाहीं. रुग्णालयांतून निघतांना जें सांगतात तें औषधाच्या वेळांपुरतें असतें, आणि त्या घाईंत तेंही अर्धें ऐकूं येत नाहीं.

हा दोष कसला, तें आधीं समजून घेतलें पाहिजे. मेंदूच्या मागील बाजूस, खालीं, लहान मेंदू असतो. त्याच्या खालीं कवटीच्या तळाला एक मोठें भोंक आहे. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत त्याला महारंध्र म्हणतात. त्यांतून मज्जारज्जु कण्यांत उतरतो. रंध्राच्या तोंडाशींच लंबमज्जा नांवाचा मेंदूचा लहानसा भाग आहे. श्वास चालू ठेवणें, घांस किंवा घोट गिळणें, आवाजाचे पडदे हलविणें, हीं सर्व कामें या अंगठ्याएवढ्या भागाच्या हुकुमतींत चालतात. याच वाटेनें मेंदूच्या भोंवतालचें पाणी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर खालींवर होत असतें. मोठ्या माणसाच्या शरीरांत हें पाणी एका वेळीं सुमारें १५० मिलिलिटर असतें आणि दिवसांत जवळजवळ अर्धा लिटर नवें तयार होतें. म्हणजे जुनें पाणी दिवसांतून तीनदां तरी बदललें जातें. कांहीं मुलांत कवटीची ही मागची खोली जन्मतःच अपुरी असते, आणि लहान मेंदूचीं टोकें जागेच्या अभावीं रंध्रांतून मानेंत उतरतात. बाटलीच्या तोंडांत बूच बसावें तसें तें होतें. पाण्याची वाट अडते आणि लंबमज्जा चेपली जाते.

मोठ्या मुलास खोकतांना किंवा शिंकतांना डोक्याच्या मागें कळ येते व तें तसें सांगतें. तान्हें मूल सांगणार कसें? तें दूध ओढतां ओढतां ठसकतें, अर्ध्यावर सोडून देतें, दूध नाकावाटे बाहेर येतें. झोपेंत श्वास मध्येंच थांबतो. रडतांना आंत ओढलेल्या श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज निघतो. मान मागें ताणून तें कमान करतें. वजन वाढत नाहीं. हीं लक्षणें इतर शेंकडों कारणांनींही होतात आणि बहुतेक मुलांत त्यांचा मेंदूशीं कांहीं संबंध नसतो. म्हणूनच खरा दोष असलेल्या मुलाचें निदान कित्येकदां उशिरां होतें. तोंवर ठसका लागतो म्हणून पाजण्याची पद्धत बदलली जाते, आणि दृष्टही काढली जाते.

या दोषास ज्याचें नांव मिळालें तो हॅन्स कियारी हा प्रागच्या जर्मन विद्यापीठांत विकृतिशास्त्राचा प्राध्यापक होता. मृतदेहांची तपासणी करतां करतां त्यास ही रचना आढळली व १८९१ सालीं त्यानें तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याचें पहिलें उदाहरण मोठें बोधप्रद आहे. विषमज्वरानें मरण पावलेल्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या कवटींत लहान मेंदूचीं टोकें खालीं उतरलेलीं होतीं, आणि जिवंतपणीं तिला त्यांचा कसलाही त्रास झालेला नव्हता. आज चुंबकीय चित्रें सर्वत्र निघूं लागल्यापासून अशीं किती तरी माणसें सांपडतात. टोकें पांच मिलिमीटरांहून अधिक खालीं आलीं म्हणजे दोष आहे असें म्हणण्याचा प्रघात आहे. पण चित्रांतील दोष आणि शरीरांतील रोग या दोन गोष्टी एक नव्हेत. नुसत्या चित्रावरून तान्ह्या मुलाच्या मानेवर शस्त्र चालवावयास कोणी उत्सुक दिसला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घ्यावें यांत संकोच करण्याजोगें कांहीं नाहीं.

कियारीनें वर्णिलेला दुसरा प्रकार अधिक कठीण आहे, आणि तान्ह्या मुलांच्या बाबतींत खरा धाक याचाच आहे. ज्या मुलांचा पाठीचा कणा जन्मतः दुभंगलेला व उघडा असतो, त्या जवळजवळ सर्वांच्या मेंदूंत हा दोष आढळतो. यांत नुसतीं टोकें नव्हे तर लहान मेंदूचा मधला भाग व लंबमज्जाही खालीं ओढली जाते. बहुतेकांच्या डोक्यांत पाणी सांचतें आणि तें पोटांत उतरविणारी नळी बसवावी लागते. ही नळी झडपेची असते. तिची एक जुनी घडण १९५६ सालीं फिलाडेल्फियाकडील जॉन होल्टर या कारागिरानें आपल्या स्वतःच्या मुलासाठीं केली. मुलाला हाच जन्मदोष होता. डॉक्टर नसलेल्या एका बापाच्या त्या खटपटीनें नंतर असंख्य मुलें जगलीं. आपल्याकडील रुग्णालयांत उत्तर प्रदेशांतील शहाजहानपूर येथें तयार होणारी छाब्रा नांवाची स्वस्त नळी पुष्कळ वापरली जाते.

नळीचा हा विषय आडवाटेचा नव्हे. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला श्वासाचा किंवा गिळण्याचा त्रास एकाएकीं सुरू झाला, तर अनुभवी शस्त्रवैद्य प्रथम मानेकडे पाहात नाहींत; ते नळी तुंबली आहे काय हें पाहातात. वरचा दाब वाढल्यामुळेंच लंबमज्जा चेपली जात असेल, तर नळी दुरुस्त होतांच शिट्टीचा आवाज थांबतो आणि मानेची शस्त्रक्रिया टळते. उलट, नळी बंद असतां मानेची शस्त्रक्रिया केली, तर ती फसण्याचाच संभव अधिक.

आतां त्या शस्त्रक्रियेकडे वळावें. तिला कोंडी सोडविण्याची शस्त्रक्रिया म्हणणें योग्य होईल. मुलाला पालथें निजवून कवटीच्या मागील हाडाचा खालचा तुकडा आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढून टाकतात. रंध्राचें तोंड मोठें होतें. कांहीं वैद्य एवढ्यावर थांबतात. इतर कांहीं मेंदूवरचें जाड आवरण उघडून त्यावर ठिगळ शिवतात, म्हणजे आंत आणखी जागा होते. ठिगळ मुलाच्याच डोक्याच्या कातडीखालील पडद्याचें, जनावराच्या पडद्याचें किंवा कृत्रिम असतें. आवरण न उघडल्यास पाणी गळण्याचें भय फार कमी. पण कोंडी पुरती न सुटल्यामुळें पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागण्याचें भय अधिक. आवरण उघडल्यास नेमकें याच्या उलट. या वादाचा निकाल सर्व मुलांसाठीं एकच असा लागलेला नाहीं, आणि लागेल असेंही दिसत नाहीं. कांहीं ठिकाणीं हाड काढल्यावर ध्वनिलहरींच्या यंत्रानें लहान मेंदू मोकळेपणीं हालतो कीं नाहीं हें पाहून आवरणाचा निर्णय घेतात. ही रीत समंजसपणाची वाटते.

तान्ह्या मुलाच्या बाबतींत पहिलें संकट रक्ताचें. अशा मुलाच्या अंगांत दर किलोग्राम वजनामागें सुमारें ८० मिलिलिटर रक्त असतें. सहा किलोग्रामांच्या मुलाचें सारें रक्त मिळून अर्धा लिटरही भरत नाहीं; चहाचा एक लहान पेला रक्त गेलें, तर पांचवा हिस्सा गेला. आणि नेमकें याच वयांत मानेमागच्या आवरणांत रुंद रक्तवाहिन्या असतात, ज्या पुढें वाढत्या वयांत बारीक होतात किंवा बुजतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलांत मेंदूच्या मोठ्या शिरांचा संगम रंध्राच्या अगदीं जवळ उतरलेला असतो. तेथें सुरी लागली तर हाहाकार. म्हणून अशा मुलांत पुष्कळ शस्त्रवैद्य कवटीच्या हाडास हात न लावतां मानेच्या मणक्यांच्या कमानींवरच काम भागवितात. मोठ्या माणसाचें डोकें जसें टोकदार चिमट्यांत घट्ट धरतात, तसें तान्ह्या मुलाचें धरतां येत नाहीं, कारण कवटी पातळ. तें नालेच्या आकाराच्या मऊ आधारावर पालथें ठेवतात, आणि तेथें डोळ्यांवर दाब येऊं नये म्हणून भुलीच्या डॉक्टरास वरचेवर पाहावें लागतें.

दुसरें संकट त्याच रात्रीचें. ज्या लंबमज्जेवर श्वास अवलंबून, तिच्याच शेजारीं हात फिरलेला असतो. मूल जागें असतां नीट श्वास घेतें आणि झोप लागली कीं विसरतें. दुखूं नये म्हणून दिलेलें अफूच्या जातीचें औषध याच विसरण्यास मदत करतें. म्हणून पहिल्या रात्रीं मूल अतिदक्षता विभागांत, यंत्रांच्या देखरेखीखालीं असावें लागतें. आईबापांस आपलें मूल नळ्यांच्या गराड्यांत पाहून धसका बसतो. वास्तविक, त्या रात्रीं तेथें त्या नळ्या नसतील तर धसका बसावा.

हीं दोन्ही संकटें रुग्णालयाच्या अंगावर असतात. तिसरें मात्र घरीं येतें, आणि त्यासाठींच हा विस्तार. तें पाण्याचें.

आवरण शिवलें तरी तें कापडासारखें असतें; टांक्यांच्या भोंकांतून पाणी झिरपूं शकतें. कातडीखालीं तें सांचलें म्हणजे मानेमागें मऊ फुगवटा येतो. मूल रडलें कीं तो ताठ होतो व निजलें कीं बसतो. असा लहान फुगवटा कित्येक मुलांत कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्याला दाबूं नये, शेकूं नये, आणि सुई टोंचून पाणी काढण्याचा आग्रह तर मुळींच धरूं नये. परंतु तेंच पाणी टांक्यांतून बाहेर येऊं लागलें, तर गोष्ट बदलते. तान्हें मूल दिवसाचे बहुतेक तास पाठीवर, म्हणजे जखमेवरच, निजलेलें असतें. दुधाच्या ओकारीनें, लाळेनें व घामानें ती जागा ओलसर राहाते. तळोज्याच्या दमट हवेंत उशी ओली दिसली, तर ती घामाची असेल असें कोणीही म्हणेल. पण घाम सगळ्या डोक्यास येतो, आणि हें पाणी एकाच जागीं, टांक्यांच्या रेघेवर, स्वच्छ, पातळ व चिकटपणाशिवाय येतें. पुसलें तरी पुन्हां येतें. पांढऱ्या स्वच्छ कापडाची घडी खालीं ठेवून पाहिलें म्हणजे संशय फिटतो. असें पाणी दिसलें तर त्याच दिवशीं शस्त्रवैद्यास कळवून मुलाला तेथें न्यावें. दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये, कारण ज्या वाटेनें पाणी बाहेर येतें त्याच वाटेनें जंतु आंत जातात.

आणि येथें एक गोष्ट आहे जी पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. गळणारी जखम ही नेहमीं जखमेचीच चूक नसते. टांके उत्तम असूनही पाणी फुटून बाहेर येत असेल, तर आंत दाब वाढला आहे असें समजावें. बंद पडलेल्या नळीची किंवा डोक्यांत नव्यानें सांचूं लागलेल्या पाण्याची ती पहिली खूण असूं शकते. वरून आणखी दोन टांके घालून मुलास घरीं पाठविलें, तर पाणी कांहीं दिवसांनीं पुन्हां दुसरीकडून वाट काढतें. म्हणून गळती घेऊन गेलेल्या आईनें विचारावें: आंतला दाब पाहिला काय? हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. चांगला डॉक्टर त्याचें स्वागतच करील.

दाब ओळखण्याचें एक साधन प्रत्येक मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या वापरांत आहे. टाळू भरण्याच्या निमित्तानें आजीचा हात रोज नातवाच्या टाळूवरून फिरतो. ही टाळू म्हणजे हाडें अद्याप न जुळलेली मेंदूवरची खिडकी आहे. मूल शांत असतां, उभें धरलें असतां, ती किंचित् खोलगट व मऊ लागली पाहिजे. रडतांना ती फुगते, त्याला महत्त्व नाहीं. पण शांत, उभ्या मुलाची टाळू फुगीर व ताणलेली लागली, मूल सारखें ओकूं लागलें, झोपाळू झालें, त्याची नजर खालीं वळूं लागली व डोळ्यांच्या बुबुळांवरचा पांढरा भाग दिसूं लागला, तर यंत्राशिवायच निदान अर्धें झालें. रोजचा तोच हात असल्यामुळें कालच्यापेक्षां आज काय बदललें हें आजीला डॉक्टरांहून आधीं कळतें. तेल मात्र या दिवसांत टाळूवर नको. तें ओघळून टांक्यांपर्यंत जातें. नुसता हात पुरे.

तापाविषयीं थोडें निराळें सांगितलें पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या पंधरवड्यांत येणारा ताप कित्येकदां जंतूंचा नसतोच. आंत सांडलेलें रक्त किंवा शिवलेलें ठिगळ यांच्या क्षोभानें आवरणांस सूज येते. मूल किरकिरतें, मान ताठते. पाण्याची तपासणी केली तर जंतु सांपडत नाहींत, आणि सूज उतरविणाऱ्या औषधानें तें बरें होतें. पण खऱ्या जंतुसंसर्गाचें स्वरूपही आरंभीं हुबेहूब असेंच असतें. दोहोंतील फरक घरांत बसून कोणालाही करतां यावयाचा नाहीं, कुटुंबाच्या डॉक्टरासही नाहीं. तापाचें औषध देऊन ताप उतरला म्हणजे निश्चिंत होणें हा या बाबतींतला सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारा घोटाळा आहे. कारण ताप उतरतो, सूज वाढतच राहते.

मालिश करणारी बाई, हाही आपल्याकडील एक विषय आहे. तिच्या हाताच्या कौशल्याविषयीं आदर ठेवूनच म्हटलें पाहिजे कीं, मुलाचे हातपाय उलटसुलट ताणणें, पायांवर पालथें घालून मान वळविणें, डोकें गोल व्हावें म्हणून दाबणें, हें या मुलाच्या बाबतींत बंद. मागची कमान काढलेली मान कांहीं महिने तरी जपावी लागते. अनेक मणक्यांच्या कमानी काढलेल्या असतील, तर पुढें मान पुढच्या बाजूस वांकडी होण्याचें भय असतें. तसेंच बोंडलें. ज्या मुलाला गिळतांना ठसका लागतो, त्याच्या तोंडांत बोंडल्यानें दूध ओतलें म्हणजे तें फुफ्फुसांत जाण्यास वेळ लागत नाहीं. अशा मुलास किती जाड, किती हळू, कोणत्या बैठकींत पाजावें, हें गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून शिकून घ्यावें.

महिने लोटल्यावर येणारेंही एक संकट आहे, आणि तें थोडें चमत्कारिक आहे, कारण तें मुलाच्या उत्तम वाढीमुळेंच येतें. तान्ह्या मुलाचें हाड फार जोमानें भरून येतें. काढून टाकलेल्या तुकड्याच्या जागीं नवें हाड तयार होतें आणि वर्ष-दोन वर्षांत रंध्राचें तोंड पुन्हां अरुंद होतें. लहान वयांत शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत दुसऱ्या शस्त्रक्रियेचा प्रसंग अधिक येतो, त्याचें हें एक कारण. पूर्वीं सुधारलेली लक्षणें पुन्हां दिसूं लागलीं, तर पहिली शस्त्रक्रिया वाया गेली असें समजून हताश होऊं नये. उलट, मग पहिल्यानेंच भरपूर मोठें भोंक कां करीत नाहींत, असें कोणी विचारील. भोंक फार मोठें केलें, तर आधार गेलेला लहान मेंदूच त्यांतून खालीं घसरतो, आणि मग त्याचा निराळा उपाय करावा लागतो. दुधानें तोंड पोळलेल्यानें ताक फुंकून प्यावें हें ठीक. पण येथें दूध आणि ताक दोन्ही पोळतात.

या सर्वांहून कठीण अशी एक गोष्ट आहे, आणि ती शस्त्रक्रियेपूर्वींच स्पष्ट सांगितली जावी. दुसऱ्या प्रकारच्या कांहीं मुलांत लंबमज्जा केवळ चेपलेली नसते, ती घडतांनाच सदोष घडलेली असते. कोंडी सुटली तरी आवाजाचे पडदे हालत नाहींत, गिळणें सुधारत नाहीं. अशा मुलास श्वासासाठीं गळ्यांत आणि अन्नासाठीं पोटांत नळी ठेवावी लागते, कधीं कांहीं महिने, कधीं वर्षें. उघड्या कण्याच्या मुलांत पहिल्या दोन वर्षांतील मृत्यूंचें मोठें कारण हाच मेंदूचा दोष आहे. शस्त्रक्रिया लौकर, लक्षणें नुकतीं सुरू झालीं असतां झाली, तर आशा अधिक. स्वरतंतू दोन्ही बाजूंनीं निकामी झाल्यावर झाली, तर कमी. हें ऐकून घेणाऱ्या आईबापांच्या मनाची स्थिती काय होत असेल याची कल्पना करतां येते. पण न ऐकतां गेलेले आईबाप शस्त्रक्रियेनंतर गळ्यांत नळी पाहून फसविले गेल्यासारखे होतात, आणि मग योग्य सल्ल्यावरही त्यांचा विश्वास उरत नाहीं.

मुंबईच्या वैद्यकाचा या विषयाशीं एक विशेष संबंध आहे. परळचें के. ई. एम्. रुग्णालय १९२६ सालीं सुरू झालें. तेथील मेंदू-शस्त्रक्रिया विभागाचे तेव्हांचे प्रमुख डॉ. अतुल गोयल यांनीं २०१५ सालीं ६५ रुग्णांच्या अनुभवावरून एक वेगळेंच मत जगापुढें मांडलें. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें, रोगाचें मूळ मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या सांध्याच्या अस्थिरपणांत आहे. खालीं उतरलेलीं टोकें हा रोग नसून शरीरानेंच केलेला बचाव आहे. म्हणून हाड काढून वाट मोठी करण्याऐवजीं ते दोन मणके स्क्रूंनीं एकमेकांस जखडावे. मणके असे जखडण्याची त्यांची पद्धत १९९४ सालीं प्रसिद्ध झालेली असून ती जगभर वापरली जाते. परंतु कियारीच्या सर्वच रुग्णांस ती लागू करावी हें मत बहुतेक देशांतील शस्त्रवैद्यांनीं स्वीकारलेलें नाहीं. जेथें सांधा खरोखर ढिला आहे तेथेंच तें करावें, असें ते म्हणतात. तान्ह्या मुलाच्या कोवळ्या, अर्धवट हाड झालेल्या मणक्यांत स्क्रू बसविणें हें शिवाय फारच नाजूक काम. तळोज्याच्या आईबापांस एका डॉक्टरानें कोंडी सोडवा म्हणून आणि दुसऱ्यानें मणके जखडा म्हणून सांगितलें, तर दोघांपैकीं एक लबाड आहे असें मानण्याचें कारण नाहीं. हा वाद खरा आहे आणि मोठ्या माणसांतला आहे. सांध्याची तपासणी झाली काय, तान्ह्या मुलांवर अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या, आणि त्यांतील किती मुलांना पुन्हां यावें लागलें, हे तीन प्रश्न दोघांसही सारख्याच नम्रतेनें विचारावेत.

दुसऱ्या प्रकाराचें मूळच कमी करण्याचे दोन मार्ग आतां सिद्ध आहेत. १९९१ सालीं पुऱ्या झालेल्या सात देशांतील प्रयोगांत, पहिलें मूल उघड्या कण्याचें झालेल्या स्त्रियांनीं पुढील गर्भधारणेपूर्वींपासून फॉलिक आम्ल घेतल्यास ७२ टक्के प्रसंग टळतात असें दिसलें. हें घ्यावयाचें तें दिवस राहण्यापूर्वीं. कण्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पुष्कळदां आईस बातमी कळण्याच्या आधीं. दुसरा मार्ग २०११ सालीं अमेरिकेंतील प्रयोगानें दाखविला: २६ आठवडे पुरे होण्यापूर्वीं गर्भाशय उघडून गर्भाचीच पाठ शिवली, तर वर्षाच्या आंत नळी बसवावी लागणाऱ्या मुलांचें प्रमाण ८२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर येतें, आणि खालीं उतरलेला लहान मेंदूही पुष्कळांत वर सरकतो. आईच्या जिवास त्यांत जोखीम आहे, आणि हें काम फार थोड्या ठिकाणीं होतें. गोळी मात्र तळोज्याच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांतही मिळते. महाराष्ट्रांत पालघर येथून फेब्रुवारी २०१३ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत उघड्या कण्याचा दोष तपासावयाच्या दोषांत समाविष्ट आहे, आणि पुढील उपचारांची वाट त्यांतून लागूं शकते.

राहतां राहिला अंतराचा प्रश्न. कोणत्या वेळीं कोठें जावें, हें आधींच ठरवून भिंतीवर लिहून ठेवावें. श्वास थांबला, मूल निळें पडलें, झटके आले, हांक मारूनही जागें होईना, तर परळ विसरावें. १०८ क्रमांकास दूरध्वनि करून कामोठें, पनवेल, जें जवळ असेल त्या रुग्णालयांत जावें आणि तेथूनच शस्त्रवैद्यास कळवावें. उशी ओली दिसली, ताप आला, टाळू फुगली, मूल ओकूं लागलें, पण श्वास नीट आहे व मूल जागें आहे, तर त्याच दिवशीं, शस्त्रक्रिया झाली तेथें. दोन्हीकडे जातांना शस्त्रक्रियेचा कागद बरोबर असावा. त्यांत आवरण उघडलें कीं नाहीं, ठिगळ कशाचें, नळी आहे कीं नाहीं, हें लिहिलेलें असतें, आणि रात्रीं दोन वाजतां नव्या डॉक्टरास त्याहून उपयोगी दुसरें कांहीं नसतें. मेट्रोनें बेलापूर, तेथून लोकलनें कुर्ला आणि गाडी बदलून परळ, हा मार्ग नेमलेल्या तपासणीच्या दिवसासाठीं चांगला. घाईच्या दिवसासाठीं नव्हे.

त्या नेमलेल्या दिवशीं आईबाप चित्रांची मोठी पाकिटें घेऊन बाहेर बांकावर बसलेलीं असतात. आंत गेल्यावर अनुभवी शस्त्रवैद्य पाकीट बाजूस ठेवतो आणि मुलास उभें धरावयास सांगून टाळूवर हात ठेवतो. मग तो मूल कसें रडतें तें थोडा वेळ ऐकतो, आणि विचारतो, एका वेळचें दूध पिण्यास याला आतां किती मिनिटें लागतात, आणि मागल्या महिन्यांत किती लागत होतीं.